बॅगेतल्या प्रथिनाचा हिशोब द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या खरिपाआधी मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता, की बोंडअळीने कपाशी गेली तर बियाण्याची तपासणी होईल आणि दोष निघाला तर भरपाई मिळेल. माझी कपाशी गेली. दसऱ्याच्या सुमारास डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या मिटलेली अळीग्रस्त फुलं, दिसायला लागल्या. हिरवं बोंड फोडलं की सरकीला भोक आणि आत गुलाबी अळी. वेचायला मजूर लावले तर निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका आणि डागाळलेला, निघाला. तक्रार दिली. समिती आली, बांधावरूनच पाहिलं आणि पंचनाम्यात लिहून गेली, "उगवण समाधानकारक, बियाण्यात दोष नाही."

उगवणीची तक्रार केली होती कुणी? नांगी भरायचीही, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोचायचीही, वेळ आली नव्हती, इतकं रान दाट उगवलं होतं. साधी सरकी आणि बीटी सरकी शेजारी ठेवली तर कुणालाही ओळखता येणार नाही. फरक आहे तो आतल्या प्रथिनाचा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (म्हणूनच नाव 'बीटी') या जमिनीतल्या जिवाणूचं जनुक घातल्यामुळे झाड क्राय1एसी आणि क्राय2एबी ही प्रथिनं तयार करतं. अळीच्या आतड्यात ती विरघळतात, तिथलेच एन्झाइम त्यांना कापून जहाल करतात, आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी मरते. 2025 च्या हंगामात 475 ग्रॅमच्या बॅगेला 901 रुपये कमाल दर ठरला, तो या प्रथिनासाठी. मग तपासायचं ते सोडून उगवण कशाला तपासता?

आणि ही माहिती सरकारला नव्हती असं म्हणू नका. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 सालीच मोजून दाखवलं, की क्राय1एसी पानांत भरपूर असतं, पण फुलाच्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. झाडाचं वय वाढेल तसं ते आणखी घटतं. म्हणजे अळी जिथे खाते तिथेच औषध थोडं, आणि ती येते तोवर आणखी थोडं! त्यात आपलं बियाणं संकरित, जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं. एका जनुकाचा हिशोब धरला तरी बोंडातल्या चार सरक्यांमागे साधारण एक बिनप्रथिनाची भरते. एकाच बोंडात दोन्ही तऱ्हेची सरकी खाऊन अळी तगते आणि पुढच्या पिढीला पचवायला शिकवते.

2002 मध्ये एका जनुकाला परवानगी, 2006 मध्ये दुसऱ्याची भर. 2010 पर्यंत गुजरातेत गुलाबी अळी पहिल्याला पुरून उरल्याचं हे जनुक आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच कबूल केलं, पुढच्या काही वर्षांत दुसरंही गेलं. अमेरिकेने मात्र बीटी कपाशी आणि वांझ केलेले पतंग यांच्या जोरावर 2018 मध्ये हीच अळी आपल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. आम्हाला काय मिळालं? बॅगेवरचे रंगीत फोटो आणि पाठीवरचा फवारणी पंप. 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधेने माणसं मेली, तेव्हाही हातमोजे घातले नाहीत म्हणून दोष शेतकऱ्यालाच.

आता गावोगाव चोर बीटी, म्हणजे परवानगी नसलेलं बियाणं, विकलं जातंय. त्यात तणनाशकाला दाद न देणारा वेगळा एन्झाइम आहे म्हणतात. बॅगेवर ना नाव, ना पावती. धाड पडली की पकडायचा शेतकरी; बियाणं तयार करणारा कुठे असतो, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. परवानगी द्यायची तर तपासून द्या, नाही द्यायची तर मुळाशी जा. अधांतरी ठेवून दोन्हीकडून आम्हालाच का मारता? बियाणं कंपनीचं, दर सरकारचा, पंचनामा समितीचा, आणि कर्ज तेवढं माझं.

सरकी चुरून पाण्यात घोळायची, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघ उमटते आणि प्रथिन आहे की नाही ते कळतं. ही पट्टी प्रत्येक कृषी केंद्रात ठेवा आणि शेतकऱ्यासमोर बॅग फोडून तपासा. कोणत्या दिवसापर्यंत बोंडात किती प्रथिन राहतं, ते बॅगेवर मराठीत छापायला लावा. तक्रारीच्या पंचनाम्यात बोंडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं सक्तीचं करा. आणि माझा पंचनामा रद्द करून फेरतपासणीचा आदेश काढा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, अजून उपटलेली नाही, किडकी बोंडं झाडावरच आहेत.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी