कोकणात आलिशान मरिना नंतर, आधी छोटे तरंगते धक्के द्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कोकणात मरिना, म्हणजे हौशी बोटवाल्यांच्या बोटींसाठीचं बंदर, होणार अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. चित्रात पांढऱ्याशुभ्र यॉट, मागे हॉटेल, बाजूला मॉल असं सगळं असतं. होऊ देत, माझा विरोध नाही. पण माझ्यासारखा माणूस, ज्याची स्वतःची छोटी शिडाची बोट आहे आणि जो सुट्टी मिळाली की किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जातो, त्याला यातलं काहीच लागत नाही. संध्याकाळी एखाद्या खाडीत शिरल्यावर बोट नीट बांधता यावी, पिण्याचं पाणी भरता यावं, गावात जाऊन जेवता यावं आणि सकाळी निघता यावं, एवढंच हवंय, आणि नेमकं तेच आपल्या किनाऱ्यावर जवळपास कुठेच नाहीये.

ज्यांचा बोटीशी संबंध नाही त्यांना वाटेल की जेट्ट्या आहेत की ठिकठिकाणी, तिथे बांधा. अडचण भरती-ओहोटीची आहे. मुंबई-रायगडकडे उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, कधी त्याहून जास्त. दक्षिणेला जाल तसा हा फरक कमी होत जातो, गोव्याला साधारण दोन मीटर आणि कोचीला तर मीटरभरच. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, सहा तासांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासाला सगळ्यात जोर असतो, त्या दोन तासांत निम्मं पाणी येतं किंवा जातं. म्हणजे उधाणाला सिमेंटच्या पक्क्या धक्क्याला बोट बांधून तुम्ही चहा प्यायला गेलात आणि गप्पांत तासभर गेला तर बोट मीटरभर खाली गेलेली असते, दोर ताणलेले, फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून कडेला लावलेल्या गाद्या, वर अडकलेले आणि बोटीची कड धक्क्याच्या शिंपल्यांवर घासतेय. रात्री दर तासाला उठून दोर सैल करत बसायचं, नाहीतर बोटीवर कोणीतरी जागं राहायचं. आणि ओहोटीला धक्क्यावर चढायचं तर शेवाळलेल्या पायऱ्या किंवा लोंबणारे टायर, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते शक्यच नाही.

तरंगता धक्का, ज्याला पाँटून म्हणतात, तो पाण्याबरोबरच वर-खाली होतो. बोट आणि धक्का दोन्ही एकाच पातळीवर राहतात, दोर एकदा बांधला की झालं. किनाऱ्याशी जोडायला एक बिजागरीचा पूल असतो, ओहोटीला तो जास्त उतरता होतो आणि भरतीला जवळजवळ सपाट. यात काही रॉकेट सायन्स नाही. कोचीला बोलगट्टी बेटावर, डचांनी 1744 साली बांधलेल्या पॅलेसच्या शेजारी, केरळच्या पर्यटन महामंडळाने 2010 पासून अशी छोटी मरिना चालवली आहे. हिंदी महासागर ओलांडणारे परदेशी बोटवाले तिथे थांबतात, धक्क्यावरच पाणी आणि वीज मिळते. गाळाचा त्रास तिथेही आहेच, पण जागा आहे आणि जगातल्या बोटवाल्यांना ती माहीत आहे.

आता अंतराचं बघा. छोटी शिडाची बोट पाच नॉटने, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास चालते, दिवसाच्या उजेडात सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले तर खूप. रात्री चालवावी तर रायगडकडे डोलीच्या, म्हणजे समुद्रात खुंट रोवून लावलेल्या जाळ्यांचे खुंट, पुढे मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, काही होड्यांना दिवासुद्धा नसतो, त्यात बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर आपण अडकतो आणि त्या बिचाऱ्या मच्छीमाराचं हजारोंचं जाळं फाटतं. म्हणून अंधाराआधी आत शिरायचंच असतं, आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो तेव्हा खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात. निसर्गाने आपल्याला जागा भरपूर दिल्यात. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, योग्य अंतरावर एकेक खाडी. विजयदुर्गाजवळ गिर्येला मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून आहे, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं झालं की डागडुजी करायची. भरती-ओहोटीला कामाला लावणारी माणसं होती ती! आणि नंतर आगबोटींच्या काळात हर्णैसारख्या ठिकाणी माणसं भर समुद्रात पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत उतरायची. आज इतक्या वर्षांनी स्वतःची बोट घेऊन आलेल्या माणसाला तसंच नांगर टाकून, कोणाची तरी होडी बोलावून किनारा गाठावा लागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मच्छीमारांच्या धक्क्यावर गर्दी करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. तो धक्का त्यांचाच आहे, पहाटे मासळी उतरवताना आपली बोट मधे असणं हे चूक आहे. उलट मला आजवर जी मदत मिळाली ती तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, आणि खलाशांकडूनच, दोर पकडायला, पाणी कुठे खोल आहे सांगायला तेच धावून येतात. म्हणूनच पाहुण्या बोटींना वेगळी जागा हवी, म्हणजे त्यांचीही अडचण होणार नाही. मालवणला तर अजून एक कारण आहे, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळ आहे, आणि जो तो आपापला नांगर टाकत राहिला तर प्रवाळाचं नुकसान ठरलेलं. तिथे निदान बांधायला पक्के बोये तरी हवेत.

परवानगीबद्दलही सांगतो. 2008 च्या हल्ल्यातले अतिरेकी समुद्रातूनच आले होते, त्यामुळे चौकशी झालीच पाहिजे, माझी कागदपत्रं कायम बोटीवर असतात. पण एका बंदरात मला एका ऑफिसातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या ठिकाणी पाठवलं, तोवर ओहोटी लागली आणि बोटीवर घरचे एकटे दोर सांभाळत बसले होते. प्रत्येक बंदरात एकच रजिस्टर, एकच फोन नंबर आणि येण्याआधी व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, कळवायचा एक चॅनल ठरवून द्या, सुरक्षेचं कामही त्याने सोपंच होईल, कारण कोण कुठून आलाय ते एका जागी लिहिलेलं असेल.

2009-10 मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही मुंबईहून निघून मुंबईला परत. असा मराठी माणूस आपल्यात असताना आपल्या पोरांना मुंबईहून मालवणपर्यंत शिडाने जाता येईल एवढी तरी सोय हवी ना.

मागणी मोठी नाही. सुरुवातीला दोन-तीन खाड्यांत चार-पाच बोटींपुरता पाँटून, एक नळ, एक दिवा, कचऱ्याचा डबा आणि रात्रीचं भाडं लिहिलेला बोर्ड. भाडं आम्ही आनंदाने देऊ. जागा ठरवताना तिथल्या तांडेलांना विचारा, गाळ कुठे साचतो ते त्यांना तोंडपाठ असतं. आणि पाँटून सुटे करता येतील असे घ्या, म्हणजे मे अखेरीला खाडीत आत ओढून ठेवता येतील आणि पावसाळा संपला की परत लावता येतील.

आपला,
एक बोटवाला वाचक, जि. रायगड