घाटगे यांच्या विमानाला शार्कचे दात कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाला दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ‘झिरो’ या लढाऊ विमानाचं रूप देऊन उडवणाऱ्या परदेशी हौशी मंडळींवर लेख आला होता. त्यावर मिरजेच्या एका वाचकांनी ‘ही शुद्ध फसवणूक’ असं पत्र लिहिलं. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा कारागीर म्हणून माझी उमेदीची वर्षं पत्रा आणि रिव्हेटमध्ये गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

1843 साली ज्या सांगलीत मराठी नाटक उभं राहिलं, तिच्या शेजाऱ्यांनी सोंगाला फसवणूक म्हणावं याचं मला नवल वाटलं. राजापार्टी नट राजा नसतो हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असतंच. झिरो दहा हजारांवर बनली, पण आज उडण्याजोगी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच उरली. हार्वर्ड आणि तिची अमेरिकन बहीण टेक्सन मिळून पंधरा हजारांवर बनल्या. त्यामुळे 1970 साली पडद्यावर आलेल्या, पर्ल हार्बरच्या हल्ल्यावरच्या चित्रपटासाठी हार्वर्डलाच झिरो केलं. त्यांतली काही विमानं टेक्सासच्या ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ या संस्थेनं पुढे उडती ठेवली.

हार्वर्डच का, हे लेखात आलं नाही. दोघींचं नाक गोल, पंख खालून जोडलेले, चाकं आतल्या बाजूला पंखात मिटणारी. हार्वर्डचा पंख टोकापासून टोकापर्यंत 42 फूट, झिरोचा 39च्या आसपास. पंखांची टोकं गोल करायची, नाकावरचं आवरण बदलायचं, वैमानिकाच्या डोक्यावरची लांबलचक काच आखूड करायची, सुकाणूला गोलाई द्यायची. हार्वर्डचा पुढचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर सुटे होणारे पत्रे, त्यामुळे कारागिराचा हात आत पोहोचतो. ‘व्हॅल’ या जपानी बॉम्बफेकी विमानाची चाकं मिटत नसत, म्हणून तिथे न मिटणाऱ्या चाकांचं व्हल्टी बीटी-13 हे प्रशिक्षण विमान घेतलं. पात्राला नट शोभला पाहिजे.

खरी परीक्षा पुढे असते. टॉर्पेडो टाकणाऱ्या ‘केट’ या जपानी विमानासाठी हार्वर्डचं धड लांबवावं लागलं. शेपटाकडे वजन वाढलं की काय होतं ते ऊसवाल्याला विचारा. मागे जास्त माल भरला की गाडी उलार होते, जू वर जातं आणि बैलाच्या मानेला फास बसतो. विमान उलार झालं तर आवरायला बैलही नसतात. म्हणून एक पट्टी जोडली तरी पुन्हा तोलकाट्यावर उभं करायचं, पुन्हा हिशेब. इंग्रजांनी 1968 साली एका चित्रपटासाठी तीन पर्सिव्हल प्रॉक्टर विमानांना जर्मन ‘स्टुका’ करायचा घाट घातला. उडाल्यावर त्यांचा भरवसा वाटेना, शेवटी चित्रीकरणात दूरनियंत्रित छोटी मॉडेलं वापरली.

आणि इतकं करूनही सोंग एका जागी उघडं पडतंच. हार्वर्डचा पंखा गिअरशिवाय थेट इंजिनावर बसवलेला. उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात आणि कानशिलं कापणारा एक कर्कश आवाज येतो. झिरोच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनाला गिअर होता, तो आवाज तिचा नव्हे. डोळे मिटून ऐका, हार्वर्डच! मला तर यातच गंमत वाटते.

आता माझं दुखणं. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारात चौथऱ्यावर एचटी-2 हे जुनं प्रशिक्षण विमान आहे. गेल्या 15 ऑगस्टच्या आधी त्याला हिरवट-मातकट रंग फासला, नाकावर शार्कचे दात रंगवले आणि खाली पाटी लावली: ‘लढाऊ विमान’. एचटी-2 कधीच लढाऊ नव्हतं. ते आपल्या देशात आरेखन होऊन बनलेलं, 5 ऑगस्ट 1951 रोजी पहिल्यांदा उडालेलं विमान. आरेखन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या विमानशास्त्राच्या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेला. ही दीडशेच्या वर बनली, पण आता पाहायलाही मुश्किलीनं मिळतात. हार्वर्डला सोंग द्यायला हरकत नाही, कारण मागे आणखी हार्वर्ड उभ्या आहेत. एचटी-2च्या मागे कोण उभं आहे? कोल्हापूरकराचं विमान सांगलीच्या पोरांना भलत्याच नावानं दाखवायचं, यात देशभक्ती कुठली?

बिदरला मी या विमानांवर काम केलंय, म्हणून हात राहवला नाही. पंखाखालून बोट फिरवलं. पाणी निथळायला तिथे पेन्सिल जाईल एवढाली भोकं असतात. रंगाऱ्यानं ती सगळी पुट्टीनं बुजवलेली. चांगलं काम केलं असं त्याला वाटलं असणार, त्याचा दोष नाही. पंखावर टिचकी मारली तर आवाज भरल्या घागरीसारखा बद्द. कडेच्या रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमली होती, म्हणजे अॅल्युमिनियम आतून खाल्लं जायला सुरुवात झालीय. संस्थेत जाऊन सांगितलं. ‘निधी नाही, काका,’ असं उत्तर मिळालं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे मलाही कळतं. पण भोकं मोकळी करायला एक खिळा आणि अर्धा दिवस पुरतो. शार्कच्या दातांना निधी कुठून आला होता?

कुणी म्हणेल, मग एचटी-2 उडवूनच दाखवा की. कवलापूरच्या धावपट्टीवर विमान उतरत नाही, ते दुखणं वेगळं, आणि चौथऱ्यावर गंजलेलं यंत्र उडवा असं मी कधीच म्हणणार नाही. मागणी इतकीच: भोकं मोकळी करा, दात पुसा, जुना रंग द्या आणि पाटीवर घाटगे यांचं नाव घाला. खिळा माझ्याकडे आहे, घडीची शिडीही आहे. संस्थेनं फक्त रविवारी फाटक उघडं ठेवावं.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर,
बुधगाव, जि. सांगली