संज्ञापनाची पदवी आणि देशोदेशींची प्रदर्शने

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. संज्ञापनाच्या, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या, ज्या पदवीत निम्मा वेळ स्टुडिओत आणि संपादनाच्या टेबलावर जातो, तिच्या बळावर आंतरराष्ट्रीय प्रदर्शने व परिषदांच्या मार्केटिंगमध्ये शिरता येते का, हा तुझ्या पुतणीचा प्रश्न तू माझ्याकडे पाठवलास. मी स्वतः याच वाटेने आलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो की येते; आणि का येते, ते जरा सविस्तर लिहितो.

प्रदर्शन म्हटले की मंच, दिवे आणि सजवलेले स्टॉल डोळ्यांपुढे येतात, परंतु ते उभारणी करणाऱ्यांचे काम झाले. मार्केटिंगचे काम त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. जागा भाड्याने घेणारे प्रदर्शक आणि त्यांना भेटायला येणारे व्यावसायिक, अशा दोन गटांना एकाच वेळी पटवायचे असते, आणि यांतला प्रत्येक गट दुसरा येणार असेल तरच येतो. १८९५ मध्ये जर्मनीतील लाइपझिगच्या व्यापारी जत्रेने मालाचे ढीग मांडण्याऐवजी केवळ नमुने दाखवून मागणी नोंदवण्याची पद्धत रूढ केली, आणि आजचे व्यापारी प्रदर्शन मुख्यतः त्याच पद्धतीवर चालते. योग्य माणूस तिथे भेटेल, या भरवशावर लोक प्रवासाचा खर्च करतात. तो भरवसा आधी लिहून, बोलून आणि दाखवून निर्माण करावा लागतो.

इथेच ती पदवी कामाला येते. बातमीपत्राची वेळ जशी कोणासाठी थांबत नाही, तशी उद्घाटनाची तारीखही थांबत नाही, आणि ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या शब्दसंख्येत, ठरावीक वाचकासाठी मजकूर पुरा करण्याची सवय केवळ सिद्धान्त वाचून लागत नाही. एकाच परिषदेची माहिती प्रायोजकाला वेगळी सांगावी लागते, अभियंत्याला वेगळी आणि पत्रकाराला वेगळी. तिचीच पुढे अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही होते. हा सराव विद्यार्थिदशेत झालेली मुले पहिल्याच हंगामात उपयोगी पडतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

कसोटी मात्र वाईट बातमीच्या वेळी लागते. बार्सिलोनाचे मोबाइल वर्ल्ड काँग्रेस हे मोबाइल उद्योगाचे प्रदर्शन २४ फेब्रुवारी २०२० रोजी सुरू व्हायचे होते आणि करोनाच्या भीतीमुळे ते १२ फेब्रुवारीला रद्द झाल्याचे जाहीर झाले. अशा घोषणेत प्रदर्शक, वक्ते, तिकीटधारक आणि वृत्तपत्रे यांना काय, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या नावाने सांगायचे, हे काही तासांत ठरवावे लागते. जनसंपर्काच्या वर्गात संकटकाळातील निवेदनाचा जो पाठ रटाळ वाटतो, त्याची किंमत तेव्हा कळते, म्हणून तो तिने मन लावून शिकावा.

‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणामागे प्रवासापेक्षा बारकावेच अधिक आहेत. ३/४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च होते, तर ब्रिटनमध्ये ३ एप्रिल. अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, तेव्हा नुसते शब्द बदलून भागत नाही, सबंध पानाची रचना उलटते. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली, सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवारी असते. त्यामुळे रविवारी सकाळी धाडलेला ईमेल रियाधमध्ये कचेरीत उघडला जाईल आणि दुबईत सोमवारपर्यंत पडून राहील. युरोपचा माहितीसंरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यातील सर्वांत गंभीर उल्लंघनांना दोन कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून पत्त्यांची यादी कुठून आली आणि संमती कशी घेतली, हे मजकूर लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते.

एक उणीव मला या अभ्यासक्रमांत नेहमी जाणवते, ती आकड्यांची. लवकर नोंदणी करणाऱ्यांची सवलत केव्हा संपवावी, एका नोंदणीमागे किती खर्च झाला, नाव नोंदवलेल्यांपैकी प्रत्यक्षात किती आले, हे प्रश्न रोजचे आहेत. १९२५ मध्ये मिलान येथे स्थापन झालेली ‘युफी’ ही प्रदर्शन व्यवसायाची जागतिक संघटना ज्या प्रदर्शनांना मान्यता देते, त्यांची आकडेवारी त्रयस्थाकडून तपासून घ्यावी लागते. फुगवलेली संख्या मुरलेले प्रदर्शक तर लगेच ओळखतात. तेव्हा संख्याशास्त्राचा विषय ऐच्छिक असला, तरी तिने तो घ्यावाच, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात साधीच असते. नोंदणीच्या टेबलावर किंवा पत्रकार कक्षात स्वयंसेवक म्हणून काम केले, तरी लोक कशासाठी आले आणि काय न मिळाल्याने नाराज झाले, हे कानांवर पडते. पुढे आयोजक संस्थेत किंवा तिच्यासाठी काम करणाऱ्या एजन्सीत कनिष्ठ जागा मिळते. मुलाखतीला नेण्यासाठी तिने एखादी मोहीम पूर्ण करून ठेवावी, मग ती महाविद्यालयातल्या चर्चासत्राची का असेना: कोणाला बोलावायचे होते, काय लिहिले, किती आले आणि कमी आले असतील तर का. गुणपत्रिकेपेक्षा अशा चार पानांवर माझे अधिक लक्ष जाते.

ज्या दोन-तीन महाविद्यालयांचा ती विचार करते आहे, त्यांच्या विषयांच्या याद्या मला पाठवून दे. प्रत्यक्ष कामाचे तास कुठे खरे आहेत आणि कुठे नावापुरते, ते मी त्यांवर लिहून परत धाडतो; प्रवेशाची मुदत केव्हा संपते, तेही कळव.

तुझा स्नेहांकित मित्र