दरवाजांच्या डागडुजीआधी रस्ता खाली घ्या

मा. आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मलिक अंबरने 1612 मध्ये मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल गेट उभारले. औरंगजेबाच्या 1682 च्या तटबंदीतले मकाई, पैठण, दिल्ली दरवाजे त्यानंतरचे. हे पाहायला येणारा माणूस मान वर करून कमान बघतो. आम्ही आपले लक्ष पायाकडे वेधू इच्छितो, कारण दुखणे तिथून सुरू होते.

डांबराचा एक थर साधारण 40 ते 50 मिमीचा. जुना न खरवडता चार थर चढले की रस्ता वीतभर वर येतो. जोते गाडले जाते आणि कमानीची उंची तेवढीच घटते. मग ट्रकचा टप कमानीच्या माथ्याला घासतो. पावसाचे पाणी भिंतीकडे वळते, दगडांच्या सांध्यांतून वर चढते आणि सुकताना मागे राहिलेले क्षार चुना भुसभुशीत करतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि दोनचार पावसाळ्यांत फुगवटे धरून पापुद्रे सुटतात. वरून रंग दिला की दुखणे झाकते, एवढेच!

म्हणून कमानीखालून जाणाऱ्या रस्त्याचे जुने थर आधी खरवडावेत, मूळ फरसबंदी लागते का ते हाताने खोदून पाहावे आणि उतार भिंतीपासून बाहेर द्यावा. उंची रोखणारी लोखंडी चौकट कमानीच्या बरीच अलीकडे, स्वतंत्र खांबांवर असावी. दरवाजाला एकही खिळा नको, फलकासाठीसुद्धा.

गिलाव्याचा चुना हौदात किमान पंधरा दिवस भिजलेला हवा. वाळू आणि सुरखीत (विटेच्या भुकटीत) चुन्याच्या घाणीवर (चुना दळणाऱ्या दगडी चाकाखाली) मळून, गूळ-हिरड्याचे पाणी घालून तो पातळ थरांत द्यावा आणि ओल्या गोणपाटाने दोन आठवडे तरी झाकावा. ठेकेदाराला ही मुदत निविदेतच द्या, नाहीतर घाईत सिमेंट मिसळले जाते. भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता छाटू नये, तो दुप्पट जोमाने फुटतो. जाड मूळ ओढले तर दगड हलतात. त्या जागेचे दगड क्रमांक घालून उतरवावेत, मूळ काढावे आणि तेच दगड चुन्यात पुन्हा बसवावेत.

रस्ता खाली गेला की पाहुण्यांना उभे राहायला दोन्ही बाजूंना जोत्यालगत पदपथ सोडावा. भडकल गेटच्या आतले घुमटाकार छत रहदारीत उभे राहून बघता येत नाही.

आपले,
शहरातील वास्तुवारसा अभ्यासक