इशारा द्या, पण कारणासह

महोदय,

वेबसाइट उघडताना पडदा लाल होतो, ‘ही साइट धोकादायक आहे’ एवढेच शब्द दिसतात आणि येणारा माणूस मागे फिरतो. इशारा खरा असेल तर त्याने मोठे नुकसान टाळले. खोटा असेल तर एका प्रामाणिक साइटला नोटीस न देता टाळे लागले. अशा चुका बड्या कंपन्यांकडूनही झाल्या आहेत. ३१ जानेवारी २००९ रोजी गूगलच्या धोकादायक पत्त्यांच्या यादीत चुकून नुसते ‘/’ हे चिन्ह भरले गेले. ही तिरपी रेघ प्रत्येक वेबपत्त्यात असतेच, त्यामुळे बराच वेळ शोधातल्या जवळपास प्रत्येक निकालावर धोक्याची सूचना झळकत होती. एप्रिल २०१७ मध्ये वेबरूट या अँटिव्हायरसने फेसबुकलाच फसवी साइट ठरवले. या चुका लगेच सुधारल्या गेल्या, कारण ओरड जगभर झाली. लहान साइटसाठी ओरडणार कोण?

अँटिव्हायरस साइटच्या मालकाचा हेतू तपासत नाही. तो पत्ता यादीशी ताडून पाहतो आणि पानातल्या कोडची ठेवण ओळखीच्या घातक नमुन्यांशी जुळते का ते बघतो. गफलत होते ती इथेच. सामायिक होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवल्या जातात तिथे, एकाच आयपी पत्त्यावर (सर्व्हरच्या आकड्यांतल्या पत्त्यावर) शेकडो साइट नांदतात. त्यातली एक बिघडली आणि यादीत तिच्या डोमेनऐवजी (साइटच्या नावाऐवजी) आयपी पत्ता गेला, की शेजारीही दोषी ठरतात. नव्या डोमेनची पत अजून तयार झालेली नसते, तर कुणीतरी सोडून दिलेले जुने डोमेन घेतले की आधीच्या मालकाची बदनामी त्याच्यासोबत येते. पान लवकर उघडावे म्हणून आवळलेली किंवा नक्कल टाळण्यासाठी मुद्दाम दुर्बोध केलेली जावास्क्रिप्टही (ब्राउझरमध्ये चालणारा पानाचा कोड) संशयात सापडते, कारण व्हायरस लिहिणारेही कोड असाच लपवतात.

मात्र साइटमालकांनी ‘इशारा खोटाच आहे’ असे म्हणण्याची घाई करू नये. हॅक झालेली साइट अनेकदा मालकाला स्वच्छच दिसते. घुसवलेला कोड फक्त मोबाइलवरून किंवा शोधातून आलेल्यांनाच दुसरीकडे पाठवतो, आणि मालक तर पत्ता थेट टाइप करून येतो. म्हणून मोबाइल डेटावर, लॉगिन न करता, शोधाच्या निकालातून साइट उघडून पाहावी. साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर असेल तर अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फायली (सर्व्हरवर चालणारा कोड) आहेत का ते बघावे. तिथे चित्रे आणि कागदपत्रेच असायला हवीत. अनोळखी अ‍ॅडमिन खाती, आपण हात न लावता बदललेल्या फायली आणि जाहिरातींसाठी बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट याही तपासाव्यात.

वाचणाऱ्याने आधी इशारा कोणाचा ते ओळखावे: ब्राउझरचा, अँटिव्हायरसचा की सर्टिफिकेटचा, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचा. सगळ्याच साइटवर सर्टिफिकेटची तक्रार येत असेल तर दोष बहुधा आपल्याच यंत्रात असतो. घड्याळातली तारीख चुकली की चालू सर्टिफिकेटही मुदतबाह्य वाटते. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणी तपासण्यासाठी मध्ये स्वतःचे सर्टिफिकेट बसवतात. ते बिघडले तरी हेच होते. एका साइटसाठी अख्खा अँटिव्हायरस बंद करणे हा सर्वांत वाईट उपाय. खात्री पटलीच तर तेवढ्या एका पत्त्याला सूट द्यावी, आणि पासवर्ड किंवा पैशाचा व्यवहार असेल तर तीही देऊ नये.

पडताळणीसाठी व्हायरसटोटलवर, म्हणजे एकच पत्ता अनेक कंपन्यांच्या यंत्रणांकडून तपासून देणाऱ्या साइटवर, पूर्ण पत्ता टाकावा. जुना निकाल दिसत असेल तर पुन्हा तपासणी करायला सांगावे. तिथल्या सत्तरहून अधिक यंत्रणांपैकी एक-दोघांनीच बोट दाखवले असेल तर पुरावा कमकुवत समजावा. तिघांनी दाखवले तरी ती एकच चूक असू शकते, कारण काही कंपन्या तपासणीचे इंजिन एकमेकींकडून घेतात. उलट, सगळे हिरवे दिसले म्हणून तासाभरापूर्वी उभे केलेले फसवे पान निर्दोष ठरत नाही.

धोकादायक यादीतून साइटचे नाव काढणे व्हायरसटोटलच्या हाती नाही. ज्या कंपनीने बोट दाखवले तिच्याकडेच तक्रार करावी लागते. तक्रारीत पूर्ण पत्ता, तारीख-वेळ, अँटिव्हायरसची आवृत्ती, दाखवलेले धोक्याचे नाव आणि पडद्याचे चित्र द्यावे. ‘साइट चालत नाही’ एवढ्या ओळीवर कोणी काही करू शकत नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी गूगलची यादी वापरतात. तिच्यासाठी सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सेवेत मालकी सिद्ध करून सुरक्षेच्या अहवालातून फेरतपासणी मागावी, तीही सफाई पूर्ण झाल्यावरच. अर्धवट सफाईवर मागितलेली तपासणी फेटाळली जाते आणि लाल पडदा आणखी लांबतो.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. दोष पानात, बाहेरून आलेल्या स्क्रिप्टमध्ये की आयपी पत्त्यात, आणि तो शेवटचा कधी तपासला, हे इशाऱ्याच्या पडद्यावरच लिहावे. तिथेच तक्रारीची लिंक असावी, तक्रारीला क्रमांक मिळावा आणि नकार दिला तर कारण कळावे. दुसऱ्याच्या यादीतून नाव उचलणाऱ्यांनी मूळ यादीतून ते निघताच स्वतःकडूनही काढावे.

आपले,
वेबसाइटची देखभाल करणारे काही वाचक