साडेनऊ किलो

चिपळूण, रविवार

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

मानेचं विचारायचं नाही असं ठरवून लिहायला बसले आहे. परवा फोनवर तू "आई, कॅमेरे, लेन्सा, सगळंच विकून टाकतो" म्हणालास आणि मी रागाने फोन ठेवला. तसं करायला नको होतं. एमआरआयचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेल्या मुलाशी असं वागू नये. पण सगळं विकू नकोस. काय जावं आणि काय राहावं, ते मोजून ठरव.

गणपतीत तुझी बॅग इथे होती, तेव्हा तुला न सांगता मी एकेक वस्तू काट्यावर ठेवली. डी-७२०० कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ७६५ ग्रॅम. २००-५०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स, ट्रायपॉडवर बसवायच्या कॉलरसकट, २३०० ग्रॅम. बाकीच्या लेन्सांत १८-१४० म्हणजे ४९०, जवळून टिपायची १०५ मायक्रो पाऊण किलो, रुंद दृश्याची टोकिना ११-१६ म्हणजे ५६०, ३५ दोनशे, फ्लॅश सेल घालून ४६०. ट्रायपॉड हेडसकट दोन किलो चारशे. नुसती रिकामी बॅग एक किलो सहाशे. बेरीज साडेनऊ किलो, पाण्याची बाटली धरलेली नाही. एवढं घेऊन तू राजमाची चढत होतास, आणि दुखतं म्हणून एकदाही बोलला नाहीस.

दुसरी मोजणी फोटोंची. तू इथे ठेवलेल्या डिस्कमधले पाच तारे दिलेले फोटो तेवढे घेतले आणि लेन्सप्रमाणे गाळले. सगळे फोटो मोजून उपयोग नसतो, कारण खंड्याच्या एका झेपेला तीस-चाळीस क्लिक होतात आणि मोठ्या लेन्सचा आकडा उगाच फुगतो. निवडक २१४ निघाले. १८-१४० चे ९६, १०५ चे ४९, २००-५०० चे ३८, ३५ चे २४, टोकिनाचे ७. त्या ३८ पैकी २९ ताडोबाला जिप्सीतून, नाहीतर भिगवणला होडीच्या काठावर लेन्स टेकवून काढलेले आहेत. म्हणजे खांद्यावर वाहून, हातात धरून काढलेले चांगले फोटो नऊ. नऊ फोटोंसाठी सव्वादोन किलोची नळी तू वर्षभर गडांवर वागवलीस.

म्हणून २००-५०० जाऊ दे. ती वाईट नाही. ज्याच्या खांद्याला जमेल त्याच्यासाठी उत्तमच आहे. पण झूम केली की ती पुढे सरकते, वजन हातापासून लांब जातं आणि ते तोलायला मान पुढे येते. नुसत्या ग्रॅमवर जाऊ नकोस, ते ग्रॅम शरीरापासून किती लांब आहेत ते बघ. ताडोबाला जाशील तेव्हा दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घे. पुण्यात मिळते, आणि जिप्सीत ती मानेवर नसते, बीन बॅगवर, म्हणजे तांदूळ भरलेल्या पिशवीवर, असते.

पक्ष्यांसाठी, घाई न करता, सेकंडहँड ३०० एफ-४ पीएफ लेन्स बघ. तिचं वजन ७५५ ग्रॅम. पुढे जमलं तर १.४ चा टेलिकन्व्हर्टर घे, म्हणजे लेन्सची पोहोच १.४ पट करणारा जोड, तो १९० ग्रॅमचा. दोन्ही मिळून ४२० मिमी, एफ-५.६. म्हणजे प्रकाश आत्ताच्या लेन्सइतकाच, पोहोच ८० मिमीने कमी आणि वजन निम्म्याहूनही कमी. तिचे दोष आधीच सांगते. झूम नाही, त्यामुळे वाघ पंधरा फुटांवर आला तर चौकटीत मावणार नाही, तेव्हा १८-१४० च हाती असू दे. चौकटीत थेट दिवा किंवा सूर्य आला तर रंगीत कडी दिसतात. ट्रायपॉड कॉलर सोबत येत नाही.

ऑफिसातली मुलं तुला मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेला हलका कॅमेरा, घे म्हणत असतील. आत्ता नको. झेड-५० बॅटरीसह साधारण ४५० ग्रॅम, त्यावर तुझ्या लेन्सा लावायला एफटीझेड अडॅप्टर १३५ चा. डी-७२०० पेक्षा वाचले किती, तर १८० ग्रॅम. वजन बॉडीत नसतं रे, काचेत असतं. शिवाय बाबांची ५० मिमीची जुनी डी लेन्स त्या अडॅप्टरवर ऑटोफोकस करणार नाही, कारण त्यात लेन्स फिरवणारी मोटर नाही. डी-७२०० मध्ये आहे. हाताने फोकस करायच्या जुन्या एआय लेन्सनाही ती मीटर देते, म्हणजे उजेड मोजून दाखवते, फक्त मेनूत नॉन-सीपीयू लेन्समध्ये फोकल लेंग्थ आणि अपर्चर भरायचं.

गळ्यात पट्टा अडकवणं मात्र आजपासून बंद. आडवा पट्टा घे, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेशी येणारा, कॅमेऱ्याच्या तळाच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू होणारा. तो स्क्रू चालता चालता सैल होतो, दर तासाला बोटाने चाचपत जा. बॅगेचा कमरपट्टा शोभेचा नाही. तो आधी आवळायचा, ओझं कंबरेच्या हाडावर बसवायचं, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. आणि एडिटिंग करताना लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेव. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मान खाली घालून बसतोस, वर सकाळी पुन्हा ऑफिसात तेच. किती वेळा सांगितलं...

बघ, मानेचं काढणार नव्हते. रागावू नकोस. एकोणतिसाव्या वर्षी डॉक्टर 'जपा' म्हणतात हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

३५ कुणालाही देऊ नकोस. बाजारात तिचे फार येणारही नाहीत. आजीचा माजघरातल्या खिडकीपाशी बसलेला फोटो तू तिनेच काढलास, एफ-२ वर. नथीतला मोती लख्ख आहे आणि कानापासून सगळं विरत गेलंय. आजी तांदूळ निवडत होती, तिचा हात थोडा हललाय. बाबांनी तो फोटो लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिला आणि कितीतरी वेळ लूप डोळ्यापासून काढलाच नाही. तुला काही बोलले नाहीत, ते कधी बोलायचे नाहीत. मला रात्री म्हणाले, "याला खिडकी दिसते." ते तुला आज सांगते आहे, उशीर झाला.

काय सांगत होते? टोकिना. सातच फोटो आहेत, पण हरिश्चंद्रगडाच्या आकाशाचा त्यातलाच आहे. ठेव. रोजच्या बॅगेत घालू नकोस एवढंच. १०५ सुद्धा ठेव आणि कासला जाशील तेव्हाच काढ. तिथे फुलं घोट्याएवढी असतात, ट्रायपॉडऐवजी वाटेवर टेकवलेली बीन बॅग पुरते. ट्रायपॉड आणि बॅटरी ग्रिप विक. डी-९० या कॅमेरा-बॉडीचे आता काय मिळणार, ती मुक्ताला दे. म्हणजे रोज खांद्यावर डी-७२००, १८-१४० आणि ३५, दीड किलोच्या आत. पक्ष्यांच्या दिवशी ३०० घेतलीस तरी सव्वादोन.

विकण्याआधी प्रत्येक लेन्स अंधारात टॉर्चवर बघ. अपर्चर पूर्ण उघडं ठेव, मागून तिरका उजेड टाक आणि समोरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धुळीचे कण असले तर घाबरू नकोस, फोटोत ते दिसत नाहीत. बुरशी असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांग, आणि ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेव. जी राहतील ती हवाबंद डब्यात ठेव, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. साठाच्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रणच, फार खाली गेला तर वंगण सुकतं. सिलिका जेल नारंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. कापडी किंवा चामडी कव्हरात लेन्स ठेवू नकोस, ती ओल धरून ठेवतात.

बिल, खोका, हूड आणि दोन्ही टोपणं शोधून ठेव. मुक्ताला देण्याआधी डी-९० च्या मेनूतलं तुझं नाव काढ. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणी दाखवला तर त्यावर जाऊ नकोस, आपल्या खात्यात रक्कम दिसली की मगच लेन्स हातात द्यायची.

बाबांची एफएम-टू, तो रोलचा कॅमेरा, इथेच राहू दे. पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली. दोन एलआर-४४ सेल मी काढून ठेवलेत, सेल गळले की आतले संपर्क खातात. सेलांशिवाय फक्त मीटर चालत नाही, शटर एक सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळं चालतं. महिन्यातून एकदा प्रत्येक स्पीडवर दोनदा वाजवते. मागच्या दाराचा फोम चिकट झालाय, दिवाळीत आलास की दोघं मिळून बदलू.

तुझी जुनी जीन्स फाडून बीन बॅग शिवली आहे, दुहेरी शिवणीची, एका बाजूला चेन. रिकामीच ने. जाशील तिथे दोन किलो तांदूळ घे, तीन चतुर्थांश भर, गच्च भरलीस तर लेन्स आत बसत नाही. परत निघताना तांदूळ तिथल्याच कुणाला तरी दे.

तुझी,
आई

ता. क. उशी बदललीस का? फिजिओने काय सांगितलं ते सगळं कळव, थोडक्यात नको.