जुन्या पत्त्यावरचं गिऱ्हाईक वाटेत हरवू न देणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू दे की’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र लिहितेय. बेळगावच्या शहापूर-वडगावातली साड्यांची कितीतरी लहान दुकानं आता पुण्या-कोल्हापूरच्या आणि हुबळी-धारवाडच्या गिऱ्हाइकांवर उभी आहेत, आणि त्यातली बरीच गिऱ्हाइकं गुगलवर शोधून येतात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बदलताना हा रस्ता कसा मोडतो आणि मोडलेला कसा दुरुस्त होतो, हे तुमच्यामुळे आमच्या दुकानाला नीट समजलं. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वेबसाइटच्या जुन्या पत्त्यात गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं, Belgaum. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ते Belagavi झालं. बिलावर एक आणि वेबसाइटवर दुसरं असं किती दिवस चालवायचं, म्हणून फक्त दुकानाच्या नावाचा नवा पत्ता घेतला. इथवर सगळं ठीक होतं. ज्याच्याकडे काम सोपवलं होतं त्यानं मात्र पैसे आधी घेतले आणि जुन्या साइटवरची सगळी पानं एकाच नियमानं नव्या होमपेजवर ढकलून दिली, तीही ३०२ हा कोड लावून. ३०२ म्हणजे ‘तात्पुरतं हलवलंय’, त्यामुळे गुगल जुनाच पत्ता धरून बसतं. त्यात इरकलीच्या पानावर येणाऱ्याला होमपेज दाखवलं की गुगल त्याला सॉफ्ट ४०४ समजतं, म्हणजे पान गेलंच असं धरतं, आणि त्या पानानं वर्षानुवर्षं मिळवलेली पुण्याई तिथंच संपते. भरीला नवी साइट तयार होत असताना लावलेला नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ हा आदेश, तसाच राहिला होता. लग्नसराई तोंडावर आणि दुकानाचा फोन थंड. विचारलं की एकच उत्तर, ‘गुगलला वेळ लागतो.’ लागतो हे खरंच आहे. लहान-मध्यम साइट हलवली की बहुतेक पानं नव्या पत्त्यावर दिसायला काही आठवडे जातात. पण नोइंडेक्स लावलेलं पान वर्षभर वाट पाहिली तरी शोधात येणार नाही, हे सांगायची त्या माणसाची तयारी नव्हती. पुढं पुढं त्यानं फोन उचलणंही सोडलं.

तुम्ही आलात आणि रँकिंगचं नावही न काढता पहिल्यांदा विचारलंत, ‘जुनं डोमेन कुणाच्या नावावर आहे?’ ते त्या माणसाच्या नावावर निघालं, आणि मुदत संपत आली होती. जुनं डोमेन हातात नसेल तर रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारा नियम, कशावर लावणार? म्हणून आधी तुम्ही त्याची मुदत वाढवून घेतलीत, मग डोमेनचं कुलूप काढून ऑथ कोड, म्हणजे ते दुसरीकडे न्यायचा परवलीचा शब्द, मिळवलात आणि डोमेन दुकानाच्या खात्यात आणलंत. हा क्रम महत्त्वाचा आहे. मालकाचा तपशील आधी बदलला तर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, न्यायला ६० दिवसांची अडकाठी बसू शकते. तुम्ही त्या माणसाशी एका शब्दानं भांडला नाहीत. काय हवंय ते लिहून मागितलंत आणि तो देईपर्यंत सोडलं नाहीत.

पण हे पत्र लिहायला बसवलं ते तुमच्या तक्त्यातल्या एका रकान्यानं.

जुना पत्ता आणि नवा पत्ता असे दोन रकाने अशा कामात सगळेच करतात, निदान करायला हवेत. तुम्ही तिसरा केलात आणि त्यावर लिहिलंत ‘का’. प्रत्येक ओळीपुढे साध्या मराठीत एक वाक्य. तुमच्यासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता, तुम्हाला ते ठाऊकच होतं. ते लिहिलंत दुकानात बसणाऱ्या माणसांसाठी, उद्या तुम्ही नसताना कुणी एखादी ओळ ‘कशाला ही’ म्हणून पुसू नये म्हणून. बंद झालेल्या एका खणाच्या पानापुढे लिहिलं होतं, ‘हा खण आता नाही, पण या पानाला बाहेरून लिंक आहेत. म्हणून खणांच्या मुख्य पानावर नेलंय, होमपेजवर नाही.’ आणि नऊवारीच्या निऱ्या कशा घालायच्या हे सांगणाऱ्या पानापुढे, ‘हे पान काही विकत नाही, पण लोक यावरून दुकानापर्यंत येतात. याला सगळ्यांत जास्त जपा.’

त्या निऱ्यांच्या पानासाठी तुम्ही काय केलंत ते वेगळं सांगायला हवं, कारण मराठी पत्ते असलेल्या कुठल्याही साइटवर हीच अडचण येणार. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे अक्षर स्वतंत्र असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि त्यामागं न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्व्हरला मात्र दोन वेगळे पत्ते. आमच्या साइटवर एका तऱ्हेचा पत्ता होता आणि दुसऱ्यांनी आपल्या पानांवर हातानं टाइप करून दिलेल्या लिंकांत दुसऱ्या तऱ्हेचा. तुम्ही दोन्हींसाठी ओळ लिहिलीत. शिवाय आधीच्या माणसानं एचटीअॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये ब्राउझरमधून उचललेला, देवनागरीऐवजी टक्क्यांच्या चिन्हांत आलेला पत्ता चिकटवला होता आणि तो नियम कधी लागूच होत नव्हता. अपाची हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर रीराइटरूल, म्हणजे पत्ता वळवायचा नियम, तपासतं ते टक्के उलगडून झालेल्या पत्त्यावर, म्हणून नियमात देवनागरीच लिहायची आणि फाइल यूटीएफ-८ या देवनागरी जपणाऱ्या साच्यात ठेवायची. पानांच्या मथळ्यांवरून जुन्या पत्त्यांची यादी बनवली तरी फसायला होतं. टक्क्यांच्या पत्त्यात देवनागरीचं एक चिन्ह नऊ जागा खातं आणि वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर पानाच्या नावाला २०० जागाच देतं, म्हणजे काना-मात्रा-हलंत धरून साधारण २२ चिन्हांनंतर लांब मराठी नाव कापलं जातं. म्हणून तुम्ही यादी घेतलीत ती सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे कुठलं पान कधी उघडलं त्याच्या नोंदींतून, साइट शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलच्या १६ महिन्यांच्या आकड्यांतून आणि जुनी पानं पुसली गेली होती तिथं वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमधून.

कन्नड पानांचंही तसंच. आधी गदगहून कन्नडात शोधणारा माणूस इंग्रजी होमपेजवर येऊन पडत होता. तुम्ही कन्नड पान कन्नडला, मराठी मराठीला, इंग्रजी इंग्रजीला जोडलंत आणि एचरेफलँगच्या, म्हणजे कुठलं पान कुठल्या भाषेचं ते सांगणाऱ्या, खुणा तिन्ही बाजूंनी नव्या पत्त्यानं लिहिल्यात, कारण एका पानानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्यानं उलट दाखवलं नाही तर गुगल ती खूण सोडून देतं. मजकुरात बेळगाव राहिलं, बेळगावीही राहिलं आणि इंग्रजीतली दोन्ही स्पेलिंगं राहिली, कारण लोक चारही तऱ्हांनी शोधतात. आपल्या भागात नावांवरून किती ताण येतो हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही फक्त गिऱ्हाईक काय टाइप करतं तेवढंच पाहिलंत आणि तिन्ही भाषांच्या पानांना सारखाच वेळ दिलात.

बाकीची कामं पटापट झाली, तरी त्यांतल्या खाचाखोचा मोठ्या होत्या. सगळे रीडायरेक्ट ३०१, म्हणजे ‘कायमचं हलवलंय’, असे झाले. जुन्या पत्त्यावरून थेट नव्या पानावर, मध्ये तीन-चार उड्या नाहीत. कॅनॉनिकल, म्हणजे ‘या पानाचा खरा पत्ता हा’ असं सांगणारे टॅग, अजून जुन्या डोमेनकडे बोट दाखवत होते, ते फिरले. गुगलला कुठं येऊ द्यायचं ते सांगणाऱ्या, जुन्या साइटच्या रोबोट्स फाइलमधली मनाई काढली, कारण गुगलला आत येऊच दिलं नाही तर रीडायरेक्ट दिसणार कसा? जुन्या डोमेनचं सुरक्षित जोडणीचं एसएसएल प्रमाणपत्र संपलेलं होतं, त्यामुळे ब्राउझर रीडायरेक्टच्या आधीच धोक्याची पाटी दाखवत होता. ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही रूपांसाठी पुन्हा घेतलं. डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदी, बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद धरून ठेवायची वेळ, ३०० सेकंदांवर आणलात आणि ईमेल कुठं पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्सच्या नोंदी आधी उतरवून घेतल्यात, म्हणून जुन्या ईमेलवर येणाऱ्या ऑर्डरी चालू राहिल्या. हे सगळं तपासून झाल्यावरच सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची सूचना दिलीत. दोन्ही साइटची मालकी एकाच खात्यात सिद्ध केलेली असावी लागते, ती डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदीनं केलीत. ही सूचना १८० दिवस चालते, रीडायरेक्ट मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ ठेवायचे हेही तुम्ही बजावलंत. गुगल निदान वर्षभर ठेवा म्हणतं. तुम्ही म्हणालात, छापलेल्या पिशव्या आणि खोक्यांवरचे क्यूआर कोड लोकांच्या घरात आहेत तोवर ठेवा, नाहीतर मुदत संपल्यावर कुणीही ते डोमेन उचलेल आणि आपल्याच पिशवीवरच्या पत्त्यावर भलतंच दुकान थाटेल.

आता जुन्या साइटची पानं शोधातून उतरतायत आणि नवी चढतायत. निऱ्यांचं पान सापडू लागलंय आणि त्यावरून फोन येतायत. काही पानं अजून खालीवर होतात, तेव्हा तुमचा ‘का’चा रकाना उघडून बघतो आणि हात आवरतो. एक ओळही कुणी हलवलेली नाही.

काम करणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला समजावं म्हणून स्वतःचा वेळ घालवणारं माणूस क्वचित भेटतं. आधीच्या माणसाला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त येत असेल, पण त्यानं ते कुलपात ठेवलं आणि किल्ली दाखवून पैसे मागितले. तुम्ही किल्ली, कुलूप आणि कुलूप कसं चालतं ते लिहिलेला कागद, तिन्ही आमच्या हातात दिलंत. तुमच्यासारख्यांच्या भरवशावर लहान दुकानं तग धरतात ताई, हे अगदी मनापासून लिहितेय.

जुन्या डोमेनची मुदत वाढवून घेतली आहे. आपोआप नूतनीकरण चालू आहे, कार्ड दुकानाचं आहे आणि आठवणीचा ईमेल दोघांना जातो. गुगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये आणि जस्टडायलवर वेबसाइटचा नवा पत्ता टाकला. दोन जुन्या लेखांतल्या लिंक बदलून द्या म्हणून त्या लोकांना लिहिलंय, त्यांचं उत्तर यायचंय.

तुमचं बिल अजून आलेलं नाही. ते या आठवड्यात पाठवा, आणि त्यासोबत साडीचा रंगही कळवा. टोपपदराची काढून ठेवायची आहे, आणि याला नाही म्हणायचं नाही.

आपली,
शहापूर, बेळगाव